नव्या वस्तूसाठी कल्पनेची पद्धत कशी निवडायची : एका खवणीचं उदाहरण घेऊन

नव्या वस्तूचं डिझाइन हाती घेतलं की पहिलं वाक्य बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं : "चला, ब्रेनस्टॉर्मिंग करू या." पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागतात, चहा येतो, आणि तासाभराने मालकांच्या मनात जे आधीपासून होतं तेच सर्वानुमते मंजूर होतं. मग "आपल्या लोकांना काही सुचतच नाही" असा शेरा मारून सगळे आपापल्या कामाला लागतात.

सुचतं सगळ्यांनाच, पण पद्धत चुकीच्या वेळी लावली तर कागदावर काहीच उतरत नाही. कल्पना सुचवण्याच्या पद्धती ढीगभर आहेत आणि दरवर्षी कुणीतरी जुन्याच पद्धतीला नवं नाव देऊन त्यात भर घालतं. सगळ्या पाठ करायची गरज नाही. सात-आठ नीट आल्या तरी छोट्या कारखान्याचं किंवा विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टचं काम भागतं. त्यांतली कोणती उचलायची हे एकाच प्रश्नावर ठरवावं, असं माझं मत आहे : काम नेमकं कुठे अडलंय?

खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतो, म्हणजे पद्धती हवेत राहणार नाहीत. गुडघ्यांमुळे खाली बसता न येणाऱ्या माणसाला ओट्याजवळ उभं राहून ओला नारळ खोवता यावा, असं साधन करायचं आहे. दिसायला साधी वस्तू, पण मोटारगाडीच्या डिझाइनमध्ये येतात त्या बहुतेक अडचणी हिच्यातही येतात.

पायरी १ : प्रश्न कागदावर आणा, अटींसकट

१९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या स्पर्धेच्या अटी आजही डिझाइनच्या वर्गात वाचून दाखवाव्यात अशा आहेत. यंत्र हलकं, सहज हलवता येणारं आणि झोपडीत हाताने किंवा पायाने चालणारं हवं. बाईला त्यावर आठ तास सलग, फार न थकता काम करता आलं पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये. वेळच्या वेळी डागडुजी केली तर ते वीस वर्षं टिकलं पाहिजे. कोण वापरणार, कुठे, किती वेळ, किती पैशांत, किती वर्षं : सगळं आलं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही, इतक्या त्या अटी कडक होत्या. गांधीजींच्या येरवडा तुरुंगातल्या काळाशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो मिटवून हातात नेता येणारा पेटीचरखा वेगळ्या प्रश्नातून आला : प्रवासात आणि कोठडीत सूत कसं कातायचं? प्रश्न बदलला आणि वस्तूचा आकारच पालटला.

आपल्या खवणीचा प्रश्न असा लिहिता येईल : "साठीच्या पुढच्या, खाली न बसणाऱ्या व्यक्तीला ग्रॅनाइटच्या किंवा कडप्प्याच्या ओट्याजवळ उभं राहून एका नारळाच्या दोन्ही वाट्या मध्ये न थांबता खोवता याव्यात. करवंटीलगतची तपकिरी पाठ किसात येऊ नये. साधन नळाखाली धरून धुता यावं आणि भांड्यांच्या कप्प्यात मावावं." याखाली दुकानातली किंमत लिहा. ती पेन्सिलने लिहिली तरी चालेल, पण लिहाच.

तपकिरी पाठीची अट उगाच घातलेली नाही. वाटणाला ती थोडी आली तरी कुणी विचारत नाही. उकडीच्या मोदकाचं सारण किंवा सोलकढीचा रस काळपट झाला की मात्र लगेच दिसतं. अशी बारीक अट आधी लिहिली नाही, तर पुढे चांगल्या आणि वाईट कल्पनेतला फरक कशावर ठरवणार?

प्रश्नात "नवीन खवणी" हे शब्द टाळले आहेत, हे लक्षात आलं असेल. वस्तूचं नाव प्रश्नात आलं की उत्तर अर्धं ठरून जातं. उलट प्रश्न फारच मोठा केला, "घरात खोवलेलं खोबरं हवं तेव्हा मिळावं" असा, तर उत्तर फ्रोझन पाकीट असंही निघेल. ते चुकीचं नाही, पण ज्याच्याकडे एक पॉवर प्रेस, एक लेथ आणि चार कामगार आहेत त्याला त्याचा उपयोग शून्य. आपल्या हातात जे बदलण्यासारखं आहे तेवढाच प्रश्न रुंद ठेवावा.

पायरी २ : अडचण कोणत्या जातीची ते ओळखा

एक सोपी चाचणी आहे. कामात असलेल्या प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि न बोलता एका ओळीत लिहायला सांगा : "आपण कशामुळे अडलोय?" मग कागद उलगडून शेजारी शेजारी ठेवा.

एक म्हणतो पातं, दुसरा म्हणतो किंमत, तिसरी म्हणते वापरणारी बाई कोण तेच ठरलेलं नाही. अशी उत्तरं दहा दिशांना गेली तर गरजच कळलेली नाही. पाहणीला बाहेर पडा. माहिती भरपूर आहे पण सूत्र हाती लागत नाही, असं असेल तर ती लावून घ्यायची पद्धत हवी. "तेच ते सुचतंय" असं असेल तर संख्या वाढवणाऱ्या पद्धती आहेत. "हे केलं की ते बिघडतं" अशी वाक्यं आली तर विरोध सोडवणारी पद्धत. वस्तूचे भाग स्पष्ट आहेत पण जोडण्या अनेक शक्य आहेत, तर तक्ता मांडा. आणि पर्याय पुष्कळ होऊन भांडणं सुरू झाली असतील, तर नव्या कल्पना तिथल्या तिथे थांबवा आणि निवडीकडे वळा. या शेवटच्या अवस्थेत पुन्हा ब्रेनस्टॉर्मिंग करणारे लोक मी इतके पाहिलेत की आता हसूही येत नाही.

पायरी ३ : गरज कळली नसेल तर पाहायला जा

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली ती त्याच्याच आधाराने. त्या अहवालात आपल्या साध्या लोट्याबद्दलचं विवेचन प्रसिद्ध आहे. लोटा आज नव्याने डिझाइन करायचा झाला तर काय काय विचारावं लागेल, याची त्यांनी यादीच दिली. पाणी किती मावावं? तो उचलणारे हात केवढे, किती ताकदीचे? न्यायचा डोक्यावर, कमरेवर की हातात? भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कुठे राहतो? ओतताना काय होतं? धुताना हात आत जातो का? यांतला एकही प्रश्न "लोटा कसा दिसावा" असा नाही.

खवणीसाठीही असंच करावं. लोकांना "नारळ कसा खोवता?" असं विचारू नका, विचारलं की आदर्श उत्तर मिळतं. "करून दाखवता का?" म्हणा, हातात नारळ द्या आणि गप्प राहा. फोटो चेहऱ्याचे नकोत, हातांचे, पायांचे आणि ओट्याखालच्या जागेचे काढा. खाली बसून विळीवर खोवणाऱ्यांकडेही जा आणि उभ्याने प्रयत्न करणाऱ्यांकडेही.

दोन्ही पाहिल्यावर फरक डोळ्यांत भरतो. विळीवर बसलेली बाई पाटावर पाय किंवा गुडघा टेकवते. तिचं वजनच विळी धरून ठेवतं. दोन्ही हात मोकळे राहतात, वाटी दोन्ही तळव्यांत धरून दात्यांवर दाबत फिरवली जाते आणि कीस समोरच्या ताटात पडतो. म्हणजे विळीवर माणूस स्वतःच क्लॅम्प, वस्तू जागेवर पकडून ठेवणारा शिकंजा, असतो. तीच विळी ओट्यावर ठेवली की क्लॅम्प नाहीसा होतो. मग एक हात विळी धरण्यात जातो, वाटी एका हाताने फिरेनाशी होते आणि खाली ओलं फडकं घालून विळी घट्ट बसवायची खटपट सुरू होते. बाजारातली रबरी सक्शनची, हँडल फिरवायची खवणी गुळगुळीत ग्रॅनाइटवर बरी बसते. खरखरीत कडप्प्यावर किंवा टाइल्सच्या सांध्यावर मात्र हवा आत शिरते आणि ती सुटते. त्यात ओट्यावर पाणी आणि खोबऱ्याचा तेलकटपणा, म्हणजे बघायलाच नको.

दुसरी गोष्ट उंचीची. ओटा साधारण ३२ ते ३४ इंच उंच असतो. त्यावर सहा इंचांची विळी ठेवली की दाते ३८ ते ४० इंचांवर जातात. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण ३७-३८ इंचांवर येतं. म्हणजे दाब द्यायचा तो कोपराच्या वर हात उचलून. पाच मिनिटांत खांदा भरून येतो, आणि "मिक्सरलाच लावते" हे वाक्य तिथे जन्माला येतं.

पाहणीत कठीण जाणाऱ्या हातांकडे मुद्दाम पाहावं. अमेरिकेत सॅम फार्बर यांनी पत्नीला संधिवातामुळे सोलताना होणारा त्रास पाहिला आणि त्यातून १९९० मध्ये ऑक्सो कंपनीची जाड, मऊ मुठीची सोलाणी बाजारात आली. दुखऱ्या हातांसाठी केलेली मूठ धडधाकट हातांनाही आवडली. आपल्याकडे गुडघेदुखीचं गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागत नाही.

पाहणीतून साठ-सत्तर टिपणं जमली की ती लावायची कशी? जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची केजे पद्धत इथे वापरा. एका चिठ्ठीवर एकच निरीक्षण लिहा, चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि ज्या एकमेकींजवळ जाव्याशा वाटतात त्या एकत्र करा. गटाला नाव शेवटी द्या. आधी "पातं", "बैठक", "किंमत" असे कप्पे करून त्यात चिठ्ठ्या टाकल्या तर सगळी मेहनत फुकट, कारण मग नवीन काही दिसतच नाही. आपल्या उदाहरणात ओल्या फडक्याची चिठ्ठी, सुटणाऱ्या सक्शनची चिठ्ठी आणि पाटावर टेकलेल्या गुडघ्याची चिठ्ठी एकत्र आल्या, आणि गटाचं नाव निघालं : "धरून कोण ठेवणार?" पुढची सगळी गाडी याच नावावर चालते.

पायरी ४ : तेच ते सुचत असेल तर, बोलणं कमी आणि लिहिणं जास्त

ब्रेनस्टॉर्मिंग रूढ केलं ते अमेरिकी जाहिरात क्षेत्रातल्या ॲलेक्स ऑस्बर्न यांनी. नियम चार : टीका नंतर, संख्या भरपूर, अचाट कल्पनेलाही जागा, दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली चढवा. नियम चांगलेच आहेत. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात झालेल्या प्रयोगात, एकत्र बसलेल्या गटापेक्षा तेवढीच माणसं वेगवेगळी बसून लिहितात तेव्हा एकूण कल्पना जास्त निघतात, असं दिसलं. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी त्याचं मोठं कारण दाखवलं : एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबताना सुचलेलं निसटतं. आपल्याकडे त्यात आणखी एक कारण मिळवा. साहेब बोलले की फिटर बोलत नाही.

म्हणून मी सहसा ६-३-५ वापरायला सांगतो. बर्न्ड रोरबाख यांनी ती १९६८ मध्ये मांडली. सहा माणसं, प्रत्येकाने तीन कल्पना, पाच मिनिटांत. मग कागद शेजारच्याकडे सरकवायचा. त्याने वरच्या तीन वाचून त्यांच्यावर किंवा नव्या तीन लिहायच्या. सहा फेऱ्या, अर्धा तास, १०८ नोंदी. माणसं चारच असतील तर चारच फेऱ्या करा. आकडे पवित्र नाहीत. लिहिण्यापेक्षा चित्र काढायला सांगा, वेडंवाकडं चालेल. ज्याला लिहिण्याचा संकोच आहे तो कारागीर चित्रातून बोलतो. वेल्डर, विक्रेता आणि रोज नारळ खोवणारी एखादी बाई असे वेगवेगळे लोक बसवा. सहाही जण डिझायनर असतील तर १०८ नोंदी होतील, कल्पना मात्र वीसच असतील.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. बैठकीच्या आधी बाजारातला नमुना टेबलावर ठेवू नका. १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ यांनी याचा अभ्यास केला. डिझाइन करणाऱ्यांपैकी काहींना आधी एक उदाहरण दाखवलं, काहींना नाही. न सांडणाऱ्या कॉफीच्या कपाच्या प्रयोगात स्ट्रॉ वापरू नका असं स्पष्ट सांगितलं होतं, पण दाखवलेल्या नमुन्यात स्ट्रॉ होती. नमुना पाहिलेल्यांच्या चित्रांत स्ट्रॉ उतरलीच. पाहिलेली वस्तू तिच्या दोषांसकट डोक्यात बसते. स्पर्धकाचा माल पाहायचा तो पहिल्या फेरीनंतर.

वस्तू आधीच आहे आणि तिच्यात थोडी सुधारणा हवी, असं काम असेल तर स्कॅम्पर पुरतं. ऑस्बर्न यांच्या प्रश्नांच्या यादीवरून बॉब एबर्ली यांनी १९७१ मध्ये ते बांधलं : काय बदलता येईल, काय जोडता येईल, दुसरीकडून काय उचलता येईल, काय मोठं-लहान करता येईल, दुसऱ्या कशासाठी वापरता येईल, काय काढून टाकता येईल, काय उलटं करता येईल. सातही प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा अट्टहास नको. विळीच्या बाबतीत "उलटं करा" हा प्रश्न सगळ्यात जास्त देतो : वाटी स्थिर आणि पातं फिरतं, किंवा दाते खाली तोंड करून आणि कीस थेट पातेल्यात. "काढून टाका" म्हटलं की भाजी चिरायचं लांब पातंच जातं, कारण ते काम सुरीकडे गेलेलं आहे. मग फक्त दातेरी चकती उरते आणि मिटवण्याच्या बिजागरीची गरजच संपते.

पायरी ५ : भाग स्पष्ट असतील तर तक्ता मांडा

फ्रिट्झ झ्विकी हे खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी मॉर्फॉलॉजिकल पद्धत मात्र यंत्रं घडवणाऱ्यांनी उचलून धरली. डावीकडे वस्तूची कामं लिहायची, समोर प्रत्येक काम करायचे वेगवेगळे मार्ग. भागांची नावं नकोत, कामं हवीत. "बैठक" नको, "जागेवर धरून ठेवणं" हवं.

आपला तक्ता असा होईल. जागेवर धरून ठेवणं : सक्शन, ओट्याच्या कडेला स्क्रूचा क्लॅम्प, जड ओतीव बैठक, माणसाचं अंग. हालचाल : वाटी फिरते, पातं फिरतं, वाटी साच्यात अडकवून पातं मागेपुढे. पातं : विळीची दातेरी चकती, अनेक पात्यांचा घुमट, रंध्यासारखं सपाट. कीस गोळा करणं : समोर ताट, जोडलेला डबा, झाकणाचा वाडगा, थेट पातेलं. चार गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, म्हणजे १४४ जोडण्या.

सगळ्या तपासायच्या नसतात. आधी न जमणाऱ्या जोड्यांवर काट मारा. फिरणारं पातं आणि उघडं ताट एकत्र आले की कीस भिंतीवर उडतो. घुमटाची पाती वाटीच्या तळापर्यंत जातात आणि तपकिरी पाठही खरवडतात, हे पाहणीत दिसलेलं असेल तर तो अख्खा पर्याय बाद. मग उरलेल्यांतून मुद्दाम एक नेहमीची, एक स्वस्तातली आणि एक विचित्र अशा तीन जोडण्या उचला आणि त्यांची चित्रं काढा. तक्त्याचा खरा फायदा त्या विचित्र जोडणीत असतो. "माणसाचं अंग" हा पर्याय गप्पांमध्ये कुणी बोलला नसता. रकाना भरायचा म्हणून तो लिहिला गेला.

ज्या वस्तूचे भाग अजून ठरायचे आहेत, किंवा जिथे प्रश्न सेवेचा आहे, तिथे हा तक्ता वेळखाऊ ठरतो. तिथे वापरू नका.

पायरी ६ : "हे केलं की ते बिघडतं" असं होत असेल तर

ट्रिझ ही पद्धत गेन्रिख आल्तशुल्लर यांनी सोव्हिएत संघात १९४६ पासून विकसित केली. हजारो शोधांची कागदपत्रं तपासून त्यांनी पाहिलं की चांगला शोध बहुधा दोन गरजांतला विरोध मिटवतो, तडजोड करत नाही. पूर्ण ट्रिझमध्ये ४० तत्त्वं आणि ३९ गुणधर्मांचा मोठा तक्ता आहे. तो मोठ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांना लखलाभ. आपण त्यातला एकच भाग घ्यावा, विरोध वेगळा करण्याचा.

विरोध एका वाक्यात लिहा : "खवणी ओट्याला घट्ट बसलेली हवी आणि क्षणात निघणारी हवी." आता तीन प्रश्न विचारा. दोन्ही गरजा वेगवेगळ्या वेळी आहेत का? वेगवेगळ्या जागी आहेत का? वेगवेगळ्या परिस्थितीत आहेत का?

मिटणारी विळी पाहा. धार हवी आणि हात कापू नये, हा विरोध तिने वेळेत तोडलाय : कामाच्या वेळी पातं उभं, एरवी मिटलेलं. सक्शनचा खटका आणि स्क्रूचा क्लॅम्प हेही वेळेतलंच उत्तर देतात, पण ओल्या हातांनी तो खटका उघडायला लागतो. तिसरा प्रश्न विचारला की वेगळंच काही निघतं. घट्टपणा केव्हा हवा? माणूस जोर लावत असतो तेव्हाच. मग तो जोरच धरण्याच्या कामाला का लावू नये?

यातून निघालेलं चित्र असं : एक जाड पाट, त्याला पुढच्या बाजूने ओट्याच्या कडेवरून खाली लोंबणारा, चार-पाच इंचांचा ओठ. सुताराच्या टेबलावर लाकूड अडवायला असा पाट असतोच. पाट मागे सरकायला लागला की ओठ कडेला अडतो. पुढे यायला लागला तर बाई कमरेने ओठाला टेकलेली असते. वाटी दाबताना वजन खालीच जातं. कुठे स्क्रू नाही, रबर नाही. बाजूला झालं की पाट उचलून नळाखाली धरायचा. विळीवरचा गुडघा कमरेच्या रूपाने परत आला म्हणा हवं तर.

निसर्गाकडून उसनं घेण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. जपानच्या ५०० मालिकेच्या शिंकान्सेन या बुलेट ट्रेनचं नाक खंड्या पक्ष्याच्या चोचीवरून घेतलं, हे उदाहरण सगळे देतात. आधी प्रश्न नेमका होता हे मात्र कुणी सांगत नाही : बोगद्यातून बाहेर पडताना हवेच्या दाबाने होणारा मोठा आवाज. अभियंते एजी नाकात्सू पक्षीनिरीक्षक होते, म्हणून उत्तर त्यांच्या नजरेत होतं. प्रश्न असा टोकदार असेल तरच या वाटेला जा. नुसतं "निसर्गातून प्रेरणा" म्हणून बसलात तर पानाच्या आकाराचं हँडल हाती येईल.

पायरी ७ : पर्याय जास्त झाले असतील तर निवडा

स्टुअर्ट प्यू या ब्रिटिश डिझाइन प्राध्यापकांची तुलनेची पद्धत छोट्या गटाला सगळ्यात सोपी जाते. बाजारात चालणारी एक वस्तू पाया धरा; आपल्याकडे ती सक्शनची, हँडलची खवणी. वरच्या ओळीत आपले पर्याय : क्लॅम्पची खवणी, जड बैठकीची, ओठाचा पाट. डावीकडे पायरी १ मधल्या अटी. प्रत्येक चौकोनात फक्त तीनच खुणा : पायापेक्षा बरी असेल तर अधिक, वाईट असेल तर उणे, तशीच असेल तर शून्य. दहापैकी गुण देत बसू नका. सात की आठ यावर वाद घालण्यात दुपार जाते.

क्लॅम्पला कडप्प्यावरच्या पकडीत अधिक, पण गोलाई दिलेल्या कडेवर तो घसरतो म्हणून तिथे उणे. जड बैठकीला पकडीत अधिक, उचलून धुण्यात सरळ उणे, कारण साठीच्या बाईने चार किलोचं ओतकाम कप्प्यातून काढायचं कसं? ओठाच्या पाटाला पकड, धुणं, किंमत या तिन्हींत अधिक. उंचीत शून्य, कारण दाते अजून वरच आहेत.

खुणांची बेरीज करून वरच्या आकड्याला हार घालायचा नाही. उणे आणि शून्य कुठे आहेत ते पाहायचं आणि दुसऱ्या पर्यायातला कोणता गुण तिथे आणता येईल ते शोधायचं. निम्मी सुधारणा या टप्प्यावर होते. आणि खुणा करताना मालकांनी सगळ्यांच्या शेवटी बोलावं.

पायरी ८ : स्वस्त मॉडेल करा, आणि पुन्हा पायरी २ कडे

पहिलं मॉडेल प्लायवुडचा तुकडा, जोडायला दोन लोखंडी अँगल आणि जुन्या विळीची दातेरी चकती एवढ्यावर करा. पॉलिश करू नका. चकचकीत मॉडेल पाहिलं की लोक "छान आहे" म्हणतात. ओबडधोबड हातात दिलं की नावं ठेवतात, आणि आपल्याला तेच हवं असतं. खोवायला खरा नारळच द्या. ज्यांच्याकडे पाहणी केली त्यांच्याकडे एकदा जा, आणि ज्यांनी हे काही पाहिलेलं नाही अशांकडेही जा.

वस्तूचं रूप नवं असेल तर एक व्यवहाराची गोष्ट : प्रदर्शनात मांडण्याआधी किंवा फोटो सोशल मीडियावर टाकण्याआधी डिझाइन नोंदणीचा अर्ज करा. डिझाइन कायदा २००० नुसार आधीच प्रसिद्ध झालेल्या रूपाला नोंदणी मिळत नाही. मिळाली तर संरक्षण दहा वर्षं, ते आणखी पाच वर्षं वाढवता येतं.

वेळ फारच कमी असेल, समजा एकच दिवस आहे, तर सकाळी दोन घरी पाहणी, दुपारी ६-३-५ चा अर्धा तास आणि संध्याकाळी प्यूचा तक्ता. एकटेच काम करत असाल तर ६-३-५ ऐवजी स्कॅम्पर आणि झ्विकीचा तक्ता घ्या. दोन्ही एकट्याने नीट होतात. आणि एखादी पद्धत लावून तासभर झाला तरी कागदावर नवं काही येत नसेल, तर ती सोडून पायरी २ ची चिठ्ठी पुन्हा लिहा. बहुधा अडचणीची जात बदललेली असते.

आपल्या पाटाचंच बघा. मॉडेल ओट्याला लावलं की दोन गोष्टी समोर येतात. मॉड्युलर किचनमध्ये ट्रॉलीची हँडलं बाहेर आलेली असतात, ओठ त्यांच्यावर बसतो. ते सोपं आहे. ओठ आखूड करायचा किंवा त्याला खाच द्यायची. दुसरी अवघड आहे. दाते कोपराच्या खाली आणायचे तर चकती ओट्याच्या पातळीपेक्षा खाली, ओठावरच बसवावी लागेल. पण तिथेच तर टेकायला कंबर हवी. म्हणजे वाक्य झालं : "ओठापाशी दाते हवेत आणि ओठापाशी माणूस हवा." हे जागेत वेगळं करता येईल का, ओठ रुंद करून चकती एका बाजूला घेतली तर पाट तिरका फिरेल का, हे आता नव्या प्लायवुडवर पाहायचं.